बाराचा दगड

"तिला तेवढा दगड उलटा करू देऊ नकोस," सासरे सासूबाईंना सांगत होते. मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी. लग्नाला अकरा दिवस झाले होते, आणि दगड उलटे करण्याबद्दल माझी काही ख्याती नव्हती.

मागच्या अंगणात दोन विटांवर टेकवलेला धुण्याचा दगड आहे. एक टोक गोल. धुण्याचे दगड असे नसतात. दुसऱ्या दिवशी फेसातून बोटं खाली सरकवली. खोदलेले आकडे लागले. आधी एक, मग दोन. मी चादर पिळली आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं.

मग पुढच्या शनिवारी सकाळी दगडावर एक टोपडं दिसलं. पांढरं, नाडीचं, ओलं. घरात लहान मूल नाही. सासूबाईंनी न बोलता सुचवलंय, असं वाटून माझे कान तापले. वीस दिवसांत? मुकाट्यानं धुतलं आणि दोरीवर माझ्या साडीआड वाळत घातलं.

रात्री पावणेदहाला वीज गेली. मेणबत्तीभोवती सगळे जमले.

"बाबा, भुताची सांगा," दीर म्हणाला. "वहिनीला अजून कोणी घाबरवलं नाही."

"ती घाबरली तरी कळणार कसं तुला?" नणंद म्हणाली.

सासरे तीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांची सगळी भुतं त्याच रस्त्यावर राहतात.

"माझा एक मित्र होता, मुकादमच. धरणापासून स्टेशनपर्यंतचा हा आपला रस्ता. आधी पायवाट, मग गाड्यांची चाकोरी, मग खडी, मग डांबर. तेवीस किलोमीटर, आणि एकही वळण उगाच नाही. तो राज्यमार्ग झाला तेव्हा कडेचे किलोमीटरचे जुने दगड काढून नवे बसवायचे होते. मित्राचं नवीन लग्न. बायको म्हणाली, धुवायला दगड नाही. बाराचा दगड आठवड्यानं निघणारच होता. यानं आधीच उचलून घरी आणला."

शर्टाला बटण लावणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

"त्याच रात्री वस्तीवरच्या एका बाईचं मूल तापलं. डॉक्टरांचा निरोप आला, बाराच्या दगडापाशी थांबा, जीप पाठवतो. ड्रायव्हर दगड शोधत तेरापर्यंत गेला, तिथेच थांबला. बाई मूल घेऊन अकरापासून बारा शोधत चालली. काळोख. पहाटे मायलेकरं पुलाखाली मेलेली सापडली."

"दगडाचं कळलं कुणाला?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"त्यानं सांगितलं नाही."

सासऱ्यांनी मांडी बदलली.

"अठरा दिवसांनी. मंगळवार. रात्रीचे सव्वाअकरा. मित्र सायकलवर. अकराचा दगड मागे पडला. पुढे एक बाई. खांद्यावर मूल. म्हणाली, 'दादा, बारा कुठंय?' तो म्हणाला, 'पुढे.'"

मेणबत्ती फडफडली.

"थोडं पुढे... परत तीच. 'दादा, बारा कुठंय?' हा म्हणाला, 'पुढे.' भुताशीसुद्धा खोटं बोलला. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. नुसती बघत राहिली..."

"मग?" दिराचा आवाज बारीक झाला होता.

"सकाळी धुण्याच्या दगडावर टोपडं होतं. ओलं. त्याच्या घरात तेव्हा मूल नव्हतं."

रोज त्याच दगडावर मी कपडे आपटत होते. अंक माहीत असून.

"आहे अजून तो मित्र?" नणंदेनं विचारलं.

"आहे. तोंड कुठे दाखवणार?"

"दगड मीच मागितला होता," सासूबाई बटणाकडे बघत म्हणाल्या.

सासऱ्यांनी मान वर केली नाही. मुलं एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. मग मी बोलले. त्या घरात इतकं लांब वाक्य पहिल्यांदाच.

"बाबा, उद्या उजाडताच दगड त्याच्या जागी नेऊन ठेवू या. आणि टोपडं आज सकाळी परत आलंय. मी धुऊन उन्हात घातलं होतं, अजून वाळलेलं नाही."