लोलक नसलेली घंटा

घंटा गेल्याचं कळलं ते मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी.

रुद्रेश, त्याचा वर्गमित्र राजवर्धन आणि राजवर्धनची धाकटी बहीण निशिगंधा चिंच आणि राख घेऊन फादरांच्या शाळेत आले होते. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत घंटा खाली उतरवायची आणि मुलांनी ती घासून लखलखीत करायची, अशी शाळेची जुनी पद्धत होती. यंदा पाळी त्यांच्या वर्गाची होती.

"पोरांच्या शाळेची घंटा मी का घासू?" निशिगंधा म्हणाली.

"तुला बोलावलंय कुणी? चिंच खायला आलीयास की!" राजवर्धन म्हणाला.

पण व्हरांडा मोकळा होता! आकाराम शिपाईमामांनी घंटा आणि तिचा आतला लोखंडी लोलक वेगळा करून, दोन्ही गोणपाटात बांधून तिथंच ठेवलं होतं. शेजारी मोडक्या बाकांचा ढीग होता. तोही गायब!

हंबीरराव सर घाम पुसत म्हणाले, "मी काल भंगाराच्या टेम्पोवाल्याला म्हटलं, व्हरांड्यात दिसेल ते उचल. गोणपाटात काय आहे ते कुणी बघितलंय!"

"टेम्पो कुणाचा होता, सर?" रुद्रेशनं विचारलं.

"रस्त्यावरचाच थांबवला. तेवढं कोण विचारतंय!"

मुख्याध्यापक फादर मिनेझिस पायरीवरच बसले. "इथं आधी नुसती पत्र्याची शेड होती," ते हळू म्हणाले. "मूठभर पोरं आणि एक घंटा. पहिल्या फादरांनी ती गोव्याहून आणली. भिंती नंतर आल्या. जूनमध्ये शाळेला पन्नास वर्षं होतील, आणि आपण घंटाच भंगारात घातली."

 रुद्रेशचं घर शाळेच्या मागंच होतं. मधल्या सुट्टीची घंटा ऐकली की त्याची आई, त्याची अव्वा, तवा ठेवायची. तो कुंपण ओलांडून पोचेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. फेब्रुवारीत अव्वा वारली. तरी घंटा वाजली की क्षणभर त्याला अजून वाटायचं, आता तवा ठेवला असेल. तेवढा एक क्षण त्याच्याकडं उरला होता.

तो खाली वाकला. फाटकाजवळ काळी, बारीक वाळू सांडली होती.

"ही आप्पांच्या पॅन्टच्या दुमडीत रोज सापडते!" तो ओरडला. त्याचे वडील उद्यमनगरात लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला होते. "फौंड्रीची वाळू हाय ही! टेम्पो उद्यमनगरातला हाय!"

"मग संपलंच की! वितळली असंल," राजवर्धन म्हणाला.

"आज सोमवार! कारखान्यांची सुट्टी, सगळं उद्यमनगर बंद. भट्टी उद्या पेटणार. चला!"

सायकली निघाल्या. प्रत्येक भिंतीवरून डोकावत ते शाळेचे हिरवे बाक शोधत होते. एका गल्लीच्या टोकाला, भंगाराच्या वखारीत, निशिगंधाला बाकाचा हिरवा पाय दिसला. फाटकावर राखणदार गणपतराव बसले होते.

"काय पावणं, कुणीकडं?"

"मामा, आमच्या शाळेची घंटा आत हाय."

"घंटा-बिंटा काय न्हाय. मालक न्हाईत. उद्या या."

"उद्या ती वितळंल की!"

"जावा घरला!"

निशिगंधानं भावाला कोपरानं ढोसलं आणि मटकन खाली बसली. "आई गं! मामा, पायात काटा गेला हो!"

गणपतराव वाकून काटा शोधू लागले. काटा नव्हताच! तेवढ्यात दोघं मागच्या भिंतीवर चढले. रुद्रेश ढिगावर खडे मारू लागला. खट्ट. ठप्. खट्ट.  पुन्हा खट्ट.

मग एकदम, टणणण!

"हीच!" रुद्रेश म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं.

गणपतरावांनी मान वर केली. "आँ? हे भंगार वाजतंय व्हय?" त्यांनी स्वतःच फाटक उघडलं. बाकांखाली घंटा आडवी पडली होती. "काशाचा माल उद्या शेजारच्या भट्टीत जाणार हुता. बेस आलासा पोरांनो."

"आणि लोलक? आतला लोखंडाचा?"

"बारकं लोखंड कालच वितळलं, बाळा."

घंटा हातगाड्यावर घालून आली. निरोप मिळताच धावत आलेल्या हंबीरराव सरांनी स्वतः गाडा ढकलला, मान खाली घालून. फादरांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास! शाळेचा इतिहास लिहू, त्यात तुमची नावं येतील."

"माझं पण? पोरांच्या शाळेच्या इतिहासात?"

"पहिलं तुझंच!"

सगळे हसले. गर्दीच्या मागं रुद्रेशचे आप्पा उभे होते. फेब्रुवारीपासून ते कामावरून आले की भिंतीकडं बघत बसायचे. त्यांनी पुढं येऊन घंटेत हात घातला आणि रिकामी जागा चाचपली.

"लोलक मी ओततो," ते म्हणाले. रुद्रेशनं पुष्कळ दिवसांनी त्यांचं एवढं बोलणं ऐकलं.

जूनमध्ये शाळा भरली. घासलेली घंटा जुन्या जागी टांगली होती. मधल्या सुट्टीत आकाराममामांनी तिच्यावर सळईनं टोला दिला. आवाज कोरडा निघाला, पण कुंपणापलीकडं पोचला. रुद्रेश घरी पळाला. तवा खिळ्यालाच होता. आप्पांनी सकाळी करून ठेवलेली भाकरी त्यानं फडक्यातून काढली आणि उभ्यानंच खाल्ली.

कोनाड्यात आप्पांनी साच्यासाठी घडवलेला लोलकाचा लाकडी नमुना तयार होऊन पडला आहे. लोलक अजून ओतायचा राहिला आहे.