साडेचारशे घोड्यांचा शाफ्ट

वलगावहून मी स्कूटीने अमरावतीला परत येत होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ऑक्टोबरचं ऊन डोळ्यांत जाणारं… आणि रस्त्याच्या कडेला एक लांबलचक आकाशी गाडी. सन पासष्टची, अमेरिकन. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. शेजारी प्रोपेलर शाफ्ट पडला होता, इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा पाइप. पार पिळवटलेला.

"किती दाबली होती?" मी विचारलं.

पाय दचकले. डोकं कुठेतरी आपटलं. मग एक चेहरा बाहेर आला, गालभर ऑइल.

"बडनेरा रोडवर डोमाजी मिस्त्री आहेत म्हंतात. ओळखता काय?"

"माझे बाबा. त्याईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता मिस्त्री मीच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. नखांतलं काळं ग्रीस पाहून हसला.

"मंग बरं झालं तुटला ते."

त्याचं नाव शिवम. अकोल्याचा. वडिलांचा कापसाच्या जिनिंगचा कारखाना होता, याला मात्र गाड्यांचं वेड. भंगारात निघालेली ही गाडी त्यानं तीन वर्षं खपून उभी केली होती. दुसऱ्या दिवशी ती ओढत आमच्या वर्कशॉपमध्ये आणली.

"इंजिन साडेचारशे घोड्यांचं टाकलं आन् शाफ्ट जुनाच? काहून?"

"शाफ्ट कोनाले दिसते?"

"मले दिसते."

त्याला ॲल्युमिनिअमचा हवा होता. हलका, चकचकीत, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मिरवायला. मी मान हलवली. "एवढी ताकद झेलाची तर ॲल्युमिनिअमचा पाइप लय जाड लागन. तुमच्या गाडीखाली तेवढी जागाच नाही. आन् बारीक घेतला तर जोरात फिरताना मधातून झोके खाते, दोरीउडीच्या दोरीवानी. पोलादी घ्या. चार इंची, एकसंध."

"आन् मी नाही म्हनलं तर?"

"तर पुन्हा वलगाव रोडवर झोपा."

तो खो खो हसला. माप घ्यायला गाडी चाकांवरच उभी हवी, वजन जसं असतं तसं. म्हणून आम्ही दोघं खाली सरपटत गेलो. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

"हलू नका."

"तुमी अशा पाहून राहिल्या तर कसा हलू?"

"मी टेपाकडे पाहून राहिली."

"टेप तर इकडं आहे…"

मी आकडा चुकीचा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तो दर शनिवारी यायला लागला. गिलावड्याचा, दह्यात भिजवलेल्या वड्यांचा, पुडा घेऊन. पाइप कापला, सांधे बसवले, वेल्डिंग झालं, बॅलन्सिंगला दोन दिवस गेले. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. बाबा हिरवा चष्मा लावून खुर्चीत बसायचे आणि मुद्दाम पेपर उलटा धरायचे.

चाचणीला आम्ही दर्यापूर रोडवर गेलो. काटा एकशेवीसच्या पुढे सरकला. ना थरथर, ना आवाज. त्यानं गाडी हळू केली, बाभळीखाली थांबवली.

"पायल… मले तुयाशिवाय करमत नाही."

मी काचेबाहेर बघत राहिले. तसंच विचारलं,

"घरी सांगशील?"

"प्रदर्शनात आई येनार हाये. तिथंच भेटवतो. शप्पथ."

अकोल्यातलं प्रदर्शन डिसेंबरात होतं. मी आईची मोरपंखी साडी नेसले. आकाशी गाडीभोवती गर्दी होती. शिवमची आई, सुभद्राकाकू, हातात पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"गोड पोरगी हाये रे. कोन व्हय?"

शिवमनं बॉनेटवरची धूळ पुसायला घेतली. "अमरावतीची… वर्कशॉपवाली."

"कोन्त्या घरची गं तू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुसतच होता. तिथं धूळ नव्हतीच.

"डोमाजी मिस्त्रीची पोरगी. आमी बौद्ध हाओत, काकू."

माझ्यापुढे आलेलं ताट थांबलं. त्यांनी ते हळूच बॉनेटवर ठेवलं.

"घे बाई तिथून," त्या म्हणाल्या आणि पदर सावरत दुसरीकडे गेल्या.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "शाफ्ट कोनाकडून बनवला भाऊ? आवाजच नाही!"

शिवम म्हणाला, "पुन्याहून… मागवला."

मी पेढा घेतला नाही. सरळ बसस्टँडवर गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याचे अकरा फोन येऊन गेले. बाराव्याला उचलला.

"थोडा वेळ दे, पायल. आई एकदम कशी मानन?"

"वेळ दिला असता, शिवम. पन तू तर माझं कामही नाकारलं."

एप्रिलमध्ये तो आला. गाडी घेऊन. पुढच्या आठवड्यात त्याचं लग्न होतं, वरात याच गाडीतून निघणार होती. दुसऱ्या कुणाला शाफ्टला हात लावू द्यायची भीती वाटत होती, म्हणाला. बाबा खुर्चीतून उठले, "चालता हो" म्हणायला. मी त्यांना थांबवलं.

गाडीखाली गेले. सांध्यांत ग्रीस भरलं. एकेक बोल्ट पान्याने तपासला. दोन जरा सैल होते. दात आवळून घट्ट केले.

बाहेर आले तर तो तिथंच उभा. बारीक झाला होता.

"राग नाही न?"

"हाये. पन त्या गाडीत एक पोरगी बसनार हाये."

त्याचे डोळे भरून आले. "तवा तू जरा सांभाळून घेतलं असतं… आईसमोर एकदम तसं नसतं बोलली तर…"

"मले विचारलं, मी सांगतलं," मी म्हणाले. "तुले कोनी बोलू नको म्हनलं होतं?"

त्यानं बॉनेट पुसायला घेतलं. आजही.

गाडी बडनेऱ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी नळाखाली हात धरले. साबण लावला, पुन्हा लावला. ग्रीस केव्हाच निघालं होतं, तरी बाबा येऊन नळ बंद करेपर्यंत मी हात चोळतच राहिले.