गंजक्या टाचण्या

"पाऊल पुढे टाकू नका!" ती ओरडली.

तो दारातच थबकला. अंगावरून पाणी निथळतंय, एक पाय हवेत. भिजून आलेल्या देखण्या पुरुषाचं स्वागत याहून प्रेमळ करता आलं असतं; पण जुन्या कागदांच्या संग्रहात माणूस भिजलेला चालतो, कागद चालत नाही.

"हा पाय... खाली ठेवू, की घरी घेऊन जाऊ?"

तिला हसू फुटलं, आणि लगेच गोठलं. कारण तो म्हणाला, "मामांचे कागद बघायला आलोय. मी त्यांचा भाचा."

मामा म्हणजे ख्रिस्ती नीतिशास्त्राचे दिवंगत प्राध्यापक. आयुष्यभर त्यांनी पोरांना खरं बोलायला शिकवलं. पानांवर आकडे मात्र कधी घातले नाहीत. त्यांच्या व्याख्यानांचे गठ्ठे तिच्या ताब्यात होते. तिच्या कामाचा पहिला नियम असा, की गेलेल्या माणसाने लावलेला क्रम हलवायचा नाही. दुसरा असा, की गंजक्या टाचण्या काढायच्या, नाहीतर कागद सडतो. दुसरा तिने मन लावून पाळला. सगळ्या टाचण्या काढल्या, हात धुवायला गेली, आणि कुणीतरी पंखा लावला. पहिला नियम खोलीभर उडाला.

तिने पानं गोळा केली, अंदाजाने लावली आणि नोंदीत लिहिलं – 'मूळ क्रम जपला आहे.' संग्रहाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी पाठ थोपटली. असल्याच चुकीसाठी बाईंनी एकाला घरी पाठवलं होतं. त्याच्याच खुर्चीवर ती बसत होती. तेव्हापासून दार वाजलं की ती आधी नोंदवही मिटायची.

आणि आता भाचा रोज येऊ लागला. समोर बसायचा, पान उलटायचा, मान वर करून तिच्याकडे बघायचा... तिची पेन्सिल खाली पडायची. तो वाकून उचलून द्यायचा. बोटाला बोट लागायचं. हे प्रेम की भीती, तिला उमजेना.

"इथे क्षमा पापाच्या आधी आलीय," तो एकदा म्हणाला.

"सरांची... खोल दृष्टी."

"हो, खोल," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याचाच चेहरा उतरला.

"तुम्ही काय करता?" तिने विषय बदलला.

"दात काढतो."

"अगं बाई!"

"मुली बघायला गेलो की त्याही हेच म्हणतात."

मग एके दिवशी त्याने छत्री उचलली. "उद्यापासून येणार नाही मी."

कळलं याला! पण तो जाणार, याचीच भीती आता नोकरीच्या भीतीहून मोठी निघाली.

"थांबा. तो क्रम सरांचा नाही... माझा आहे. पंख्याचा आणि माझा." तिने सगळं सांगून टाकलं.

तो मटकन खाली बसला. "मामा गेल्यावर मी घाईघाईने खण रिकामे केले. सगळी पानं जमिनीवर सांडली. मामांच्याच डबीतल्या गंजक्या टाचण्या घेऊन जमेल तसे गठ्ठे केले. रोज सांगायला येतो... आणि तुम्हाला बघत बसतो."

"म्हणजे मी जो क्रम बिघडवला –"

"तो आधीच बिघडलेला होता."

तिला हसावं की रडावं कळेना. पण नोंदीतलं खोटं तर तिचंच होतं. ती उठली. तोही उठला.

मोठ्या बाईंच्या दारापुढे दोघंही भिंतीला चिकटून उभे राहिले.

"माझ्या दवाखान्याबाहेर लोक असेच उभे असतात," तो कुजबुजला.

"त्यांना काय सांगता?"

"दुखणार नाही म्हणतो."

"आणि?"

"मामांना हे कधी कळू दिलं नाही."

तिने हात वर केला; तो दारावर पडेना. "दुखेल का हो?"

त्याने तिचा दुसरा हात घट्ट धरला.

"दुखेल," तो म्हणाला.

आणि तिने दार वाजवलं.