कोसिमाच्या बापाचा खोकला

ग्रीक भाषेनं जगाला तत्त्वज्ञान दिलं, नाटक दिलं, लोकशाही दिली. इटलीच्या टाचेवरल्या, पूर्वापार ग्रीक बोलणाऱ्या आमच्या गावात तिच्याकडे कोंबड्या हाकलायचं काम आहे.

वर्षातून एकदा मात्र ती चौकात येते. ईस्टरच्या आठवडाभर आधी, शनिवारी, दोन गायक ख्रिस्ताच्या यातनांचं गाणं म्हणतात. एक कडवं एकानं, पुढचं दुसऱ्यानं. दोन्ही एकानंच म्हणायची पद्धत नाही. तीस वर्षं त्यातला एक गळा कोसिमाच्या वडिलांचा. जानेवारीत ते गेले. जोडीदार त्याआधीच गेला होता.

यंदा कोसिमा गायकांनी धरायची, रिबिनी नि संत्री बांधलेली ऑलिव्हची फांदी घेऊन स्वतःच चौकात आली. तिथं शिडीवर एक अनोळखी तरुण लाउडस्पीकर बांधत होता.

"हे काय चाललंय?"

"गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावायचंय. मी ब्रिझिओ, लेच्चेहून—"

"माझ्या बापाला कर्ण्यात कोंडून वाजवणार? उतर खाली!"

"अगं, पण गायला माणूस कुठाय?"

"मी आहे!"

"आणि दुसरं कडवं?"

उत्तरादाखल तिनं त्याला आमच्या ग्रीकमध्ये शिव्या घातल्या. बाकावरच्या म्हाताऱ्या सरसावून बसल्या.

"मोठ्यानं गं पोरी," एक म्हणाली. "ही शिवी माझी आई गेल्यापासून ऐकली नव्हती."

रागारागातच कोसिमानं पहिलं कडवं म्हटलं. संपलं. आता पाळी दुसऱ्या गळ्याची... तिची मान ताठ. फांदी तिनं आणखी उंच धरली.

आणि शिडी उतरता उतरता ब्रिझिओनं दुसरं उचललं. सूर बरोबर, शब्द बरोबर. तिसऱ्या ओळीत तो थांबला, दोनदा खोकला, पुढे गेला.

शेवटच्या कडव्यापर्यंत ती त्याच्याकडे जाळून टाकेल अशी पाहत होती.

"खोकलास का? ते बाबा खोकायचे!"

"म्हणजे... ते गाण्यात नाही?"

"मेल्या, पाठ कधी केलंस?"

"रेकॉर्डिंग साफ करताना. काम चार दिवसांचं होतं... मी वर्षभर ऐकत बसलो. त्या खोकल्यानंतर मागून एक मुलगी ओरडते — 'बाबा, मफलर!' इतकी चिडून ओरडते, की..."

कोसिमा लालबुंद झाली. तो रागच होता का, यावर म्हाताऱ्यांत अजून मतभेद आहेत.

"उद्या जेवायला ये," ती खेकसली. "आणि नुसतं उद्यापुरतं येणार असशील, तर येऊच नकोस!"

"येतो," ब्रिझिओ म्हणाला. "जन्मभर येतो... फक्त आत्ता घोटभर पाणी मिळेल?"