झोळीतली बाहुली

सासऱ्यानं झोळीवरचं फडकं बाजूला सारलं. आत त्याचा नातू नव्हता. बाहुली होती.

अंगाचा रंग बाळाचा, वजन बाळाचं, मान बाळासारखीच मागं कलंडणारी. म्हाताऱ्यानं तिला उचललं आणि ती रडायला लागली. त्यानं ती तशीच झोळीत टाकली.

“चोरलं,” त्याच्या मागं उभी असलेली सून, जमनी, म्हणाली. “माह्यं लेकरू कोनं तरी चोरलं.”

शोभा पिंपळापुरे यांना फोन आला तेव्हा त्या नेरच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जीवशास्त्र शिकवत होत्या.

“मॅडम, धर्मपाल हवालदार बोलतो. तुमच्या कॉलेजची बाहुली जिनिंगमध्ये सापडली. लेकरू गायब हाये. लवकर या.”

शोभाताईंनी वर्गाकडं पाहिलं. पहिल्या बाकावर फिजा बसली होती. या खेपेला बाहुली तिच्याकडं होती. आज परत आणायची, तर सकाळीच तिनं एक दिवस वाढवून मागितला होता.

“फिजा, बाहुली कुठं आहे?”

फिजा उठली. डाव्या मनगटाला तिनं ओढणीचं टोक गुंडाळलं होतं. दोन्ही हातांवर बारीक लाल पुरळ, वेणीत कापसाचे तंतू.

“घरी आहे, मॅडम,” ती म्हणाली, आणि खाली पाहत राहिली.

बाहुली शोभाताईंनीच नागपूरच्या एका संस्थेकडून आणवली होती. वर्गातल्या मुली बारावीआधीच लग्न होऊन जात. मूल म्हणजे काय ते आधी कळावं, इतकाच हेतू. बाहुली भुकेनं रडे, ओली झाली की रडे, कधी उगाच रडे. रबरी पट्टा ज्याच्या मनगटावर, त्यानंच जवळ घेतलं तर ती गप्प होई. इतर कुणी कितीही हलवलं तरी नाही. पट्टा कापल्याशिवाय निघत नसे. बाळ आजीच्या गळ्यात टाकून कुणी मोकळं होऊ नये, म्हणून ती सोय.

फिजाला सोबत घेऊन त्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, पोचल्या. शेडबाहेर लिंबाच्या फांदीला झोळी लोंबत होती. आत बाहुली अजून रडत होती. सरकीच्या वासानं आवार भरलं होतं. जमनी कापसाच्या गंजीला टेकून बसली होती. विशी-बाविशीची. इथल्या साऱ्या बायांसारखा तिनंही साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला. नवरा याच हंगामात फवारणी करताना विषबाधेनं गेला. मूल त्याच्यामागं जन्मलं. मुलगा.

“लेकराला शेवटचं कधी पाजलंस?” शोभाताईंनी विचारलं.

“सकायी. कामावर येताना.”

“त्यानंतर?”

“नाई. मुकादम सुट्टी देत नाई.”

शेजारची लालीबाई मध्येच बोलली, “दोनदा रडलं न पोरगं. जमनी पयत गेली, छातीशी धरलं, गप झालं. मुकादम तिच्यावर खेकसला बी.”

“म्हणजे तवालोक लेकरू व्हतं,” धर्मपाल म्हणाला. “चोरी त्याच्यानंतर झाली.”

 शोभाताई जमनीच्या शर्टाकडं पाहत होत्या. मग सासऱ्याकडं वळल्या.

“तुम्ही आज काहून आलात?”

“नातवाले न्यायले. यायचं उद्या व्हतं, पण बाभुळगावहून आजच गाडी भेटली.”

“आईसकट न्यायचं होतं?”

“तिले कायले? जवान हाये, दुसरं घर करन. पोरगं आमचं हाये.”

“दूध कोण पाजणार?”

“बकरी हाये घरी.”

जमनीनं मान वर केली नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ओरडा ऐकू आला. पलीकडं रहेमानभाईंचं घर, म्हणजे फिजाचं. ते गावोगाव फिरून कापूस विकत घेत आणि भाव चढेपर्यंत समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवत. बाहुली कुणाकडं होती, हे आता साऱ्या गल्लीला कळलं होतं. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ महिनाभर फिरत होते. घरासमोर जमलेल्या गर्दीतून एक दगड टिनाच्या छपरावर पडला. मग दुसरा.

“अब्बा आत आहेत,” फिजा म्हणाली. “अम्मी पण.”

“माह्याजवळ दोन शिपाई,” धर्मपाल हळू आवाजात म्हणाला. “यवतमाळहून गाडी येईलपर्यंत हे लोक थांबत नाईत. आन् घराची झडती घ्याले दार उघडलं, का सारे आत घुसतीन. मॅडम, पोरीले म्हना, खरं काय ते सांग.”

“फिजा?”

“मी नाही सांगणार, मॅडम.” फिजानं मनगटावरची ओढणी घट्ट धरली. “मला मारलं तरी नाही.”

तिसरा दगड पडला. आतून रौशनबींची, फिजाच्या आईची, किंकाळी आली.

काय घडलं ते शोभाताईंना बऱ्याच वेळापासून कळलं होतं. न बोलता निभेल असा एखादा मार्ग त्या शोधत होत्या. तो सापडत नव्हता.

त्यांनी झोळीतून बाहुली उचलली. रडणं थांबलं नाही. त्यांनी ती लालीबाईकडं दिली. तिनं जोजवलं, थापटलं. बाहुली रडतच राहिली. मग फिजाकडं.

“ओढणी सोड.”

फिजानं ओढणी सोडली. मनगट रिकामं होतं. तिच्या कुशीतही बाहुली रडत होती.

शोभाताईंनी बाहुली जमनीच्या मांडीवर ठेवली. जमनीनं हात मागं घेतले होते, पण बाहुलीची मान कलंडली आणि तिचा हात आपोआप मानेखाली गेला.

रडणं थांबलं.

 शोभाताईंनी जमनीच्या शर्टाची बाही वर केली. मनगटाला कापलेला रबरी पट्टा होता, सेफ्टीपिननं जोडलेला.

“लालीबाईनं दोनदा ऐकलं ते रडणं बाहुलीचं होतं,” त्या धर्मपालना म्हणाल्या. “बाळ सकाळपासून इथं नव्हतंच. जमनीनं बाहुली गप्प केली, म्हणून सगळ्यांना वाटलं बाळ झोळीत आहे. चोरीचा बनाव तिच्या मनात नव्हता. उद्या सासरे यायच्या आत बाळाला घेऊन जायचं होतं, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला कळू नये, एवढंच हवं होतं. सासरे एक दिवस आधी आले. त्यांनी फडकं उचललं, तेव्हा तिला काहीतरी बोलावं लागलं.”

“आन् लेकरू?”

“सुखरूप आहे. दीड महिन्याच्या बाळाच्या आईनं सकाळपासून पाजलं नसेल तर दुपारी छाती दुखते, कपडा ओला होतो. हिचा शर्ट कोरडा आहे. म्हणजे तिनं मधे पाजलं आहे, इथून चार पावलांवर.” त्या थांबल्या. “कापसात आवाज मुरतो. रहेमानभाईंच्या भरल्या खोलीत बाळ रडलं तर गल्लीत ऐकू येत नाही. कच्च्या कापसात वावरलं की अंगाला खाज सुटते. फिजाचे हात बघा.”

“तिनं चोरलं नाही,” फिजा म्हणाली. “मीच म्हणलं, आमच्या घरी ठेव. तुम्हीच शिकवलं ना मॅडम, रडत असेल तर कारण शोधायचं. ती रोज भिंतीशी रडायची. मी कारण विचारलं.”

धर्मपालनं भिंतीवर चढून मोठ्यानं सांगितलं, लेकरू सापडलं, आईनंच ठेवलं होतं. गर्दी कुरकुरत पांगली. रौशनबी बाळ घेऊन आल्या. ते झोपलेलं होतं, टाळूवर कापसाचा पुंजका.

सासऱ्यानं हात पुढं केले.

“थांबा,” शोभाताई म्हणाल्या. “हवालदारसाहेब, बाप नसला तर कायद्यानं ताबा आईचा.”

“कायदा मले बी माहीत हाये, मॅडम. आता यवतमाळले बालकल्याण समितीसमोर न्या लागन. तिथं म्हातारा विचारन, पोलिसाशी खोटं बोलणारी बाई लेकरू सांभाळन का? म्या काय सांगू?”

“मी येते. मी सांगते.”

“काय सांगसान? तुमीच तं दाखवलं सारं.”

शोभाताईंनी जमनीच्या मांडीवरून बाहुली उचलून घेतली.

यवतमाळची जीप आली. म्हातारा बाळाला घेऊन पुढं बसला. जमनीला मागं बसवलं. शोभाताई चढल्या नाहीत.

“वणीले माही मावशी हाये,” ती शोभाताईंना म्हणाली. आवाजात राग नव्हता. “संध्याकायच्या गाडीनं जाणार व्हती. दगड पडले नसते तं गेली असती.”

जीप वळली. तिच्या शर्टाच्या पुढच्या भागावर आता ओला डाग पसरत होता. पुढं बाळ जागं झालं होतं.

शोभाताईंच्या हातातली बाहुलीही पुन्हा रडायला लागली.

“मॅडम,” फिजा म्हणाली, “पट्टा तिच्याच हातात राह्यला.”

“हो.”

संस्थेच्या लोकांनी शिकवलं होतं तशी त्यांनी मान नीट सावरून धरली, खांद्याशी घेतलं, पाठीवर थोपटलं. जीप दिसेनाशी झाली तरी त्या थोपटत राहिल्या. बाहुली गप्प होणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.