बिडरी

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण ही घडलेली गोष्ट आहे. माझा मावसभाऊ शिवराज याच्याबाबतीत, सोलापुरात, गेल्या डिसेंबरात. आणि रात्री नव्हे... भर दुपारी.

शिवराज मूळचा करमाळ्याचा. इथल्या एका वर्कशॉपात इंजिनीअर. लोखंडाने भरलेल्या लघुग्रहावर उतरणाऱ्या यंत्राचा नमुना ते तपासत होते. अशा लघुग्रहाला गुरुत्वाची ओढ नसल्यात जमा. यंत्र टेकलं की उसळून निघून जायचं. म्हणून त्याच्या पायांत विजेवर चालणारे चुंबक. तपासणी साधी. छताच्या लोखंडी पत्र्याला यंत्र पालीसारखं उलटं चिकटवायचं, मग बटण दाबून वीज तोडायची. खाली गादी.

गादी लावायचा दुधनीचा ईरप्पा. पहिल्याच दिवशी त्याने हसत शिकवलं होतं, "सर, आमच्या कन्नडात बिडरी म्हंजे सोडा. ब्याडरी म्हंजे नको. चुकू नका की!"

त्या दिवशी जेवायची वेळ झालेली. शिवराजला घाई. ईरप्पा अजून खालीच, गादी सरकवत होता.

"ब्याडरी!"

शिवराजने नीट ऐकलं... तरी बोट थांबलं नाही.

नव्वद किलोचं यंत्र. ईरप्पा जागीच गेला.

चौकशीत शिवराज म्हणाला, "तोच बिडरी म्हणाला." जीभ कशी रेटली, देव जाणे. पण चोराच्या मनात चांदणं. नंतर कुणी कन्नड बोललं की हा उठून जायचा.

महिन्याने पुन्हा तपासणी. बटण दाबलं. चुंबकांची घुरघुर बंद झाली.

यंत्र पडलं नाही.

त्याने वायर उपटली.

तरीही नाही...

तो यंत्राच्या अगदी खाली जाऊन वर बघत राहिला. पायाशी गादी सरकल्याचा आवाज आला. जवळ कुणीच नव्हतं.

तेवढ्यात दारातून हाक आली. ईरप्पाची बायको, चंद्रिका. नवऱ्याचा इथंच राहिलेला डबा न्यायला आलेली. शिवराज तिच्याकडे गेला.

"सर, शेवटाला काय म्हणले हो ते?"

खरं अगदी ओठांवर आलं होतं.

"बिडरी," तो म्हणाला.

चंद्रिकाने वर पाहिलं. घरातल्या माणसाशी बोलावं तशी हळूच म्हणाली, "बिडरी..."

यंत्र धाडकन खाली आलं. शिवराज मघाशी उभा होता, बरोबर तिथं.

ती दचकलीसुद्धा नाही. डोळे पुसत म्हणाली, "त्यांनीच सोडा म्हणलं. तुमचा काय दोष, सर? जिवाला लावून घेऊ नका की."

शिवराजने ती नोकरी सोडली. खरं सांगायला दोनदा दुधनीला निघाला, दोनदा अक्कलकोटातूनच परतला. भेटला की मला एकच विचारतो...

"मी खाली उभा होतो, तेव्हा त्यानं का नाही सोडलं रे?"