तीन नंबरची जागा

आमच्या इस्पितळाच्या तळघरात चार नेटवर्क स्विच एकावर एक बसवलेले आहेत. सगळ्या मजल्यांवरचे संगणक त्यांच्यामार्फत एकमेकांशी बोलतात. चौघांची मिळून यंत्रणा एकच, म्हणून प्रत्येकाला क्रमांक: एक, दोन, तीन, चार. त्या सोमवारी तीन नंबरने मान टाकली आणि नोंदणीच्या खिडक्या बंद पडल्या.

मी त्याच्या जागी नवा स्विच बसवला. मेलेल्याच्या नावावर तीन क्रमांक अजून राखून होता, त्यामुळे नव्याने आपणहून पाच घेतला. यात नवल काही नाही. एक कमांड द्यायची, पाचाचा तीन करायचा, तेवढा एक स्विच बंद करून चालू करायचा. जुन्याची सगळी सेटिंग त्याला आयती मिळते. चार मिनिटांचं काम. शिवाय एक, दोन, चार, पाच अशी यादी माझ्या डोळ्यांत खुपते. मी घरातले चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावते आणि आई त्यावरून माझी भरपूर टर उडवते.

आई त्या दिवशी वरच होती, अतिदक्षता विभागात. हृदयाच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले तरी तिने डोळे उघडले नव्हते. दाराबाहेर थोरले मामा बसून होते. मला तिथे नुसतं बसवेना, म्हणून मी खाली कामाला आले होते.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी कमांड दिली. नव्या स्विचचे दिवे विझले, त्याच्या पंख्याचा आवाज उतरला, आणि त्या कोरड्या, गार खोलीत का कोण जाणे ओल्या केसांचा वास आला. चार मिनिटांनी दिवे लागले. पडद्यावर यादी आली: एक, दोन, चार, पाच.

तेवढ्यात मामांचा फोन.

"पाचूची नाडी एकदम उतरली होती गं. डॉक्टर धावत आले. आता ठीक आहे म्हणतायत."

"कधी?"

"आत्ताच. अकरा दहाला."

मामा आईला पाचू म्हणतात. तिच्या डोळ्यांत किंचित हिरवी झाक आहे, म्हणून असणार, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

आईच्या खाटेजवळची यंत्रं चार नंबरच्या स्विचवर होती. पाचाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. वायरीवरून बोट फिरवत मी दोनदा खात्री केली. कमांडही तपासली, एक अक्षर चुकलं नव्हतं. अकरा पंचवीसला ती पुन्हा दिली.

दिवे विझले. तोच वास, या वेळी अगदी खांद्याजवळून.

दिवे लागले. पाच.

फोन वाजला. मामा धापा टाकत होते. मग म्हणाले, "नाडी गेलीच होती. आली. परत आली."

योगायोग, मी स्वतःला बजावलं. तिसऱ्यांदा कमांड टाइप केली. एंटरवर बोट ठेवलं.

बोट दाबवेना. मला भयंकर भीती वाटली. यादी सरळ करायची सगळी हौस फिटली.

"राहू दे पाचच," मी त्या रिकाम्या खोलीत म्हणाले आणि टाइप केलेलं खोडलं.

तीनची सेटिंग मी एकेक ओळ करून हाताने पाचावर उतरवली. दोन तास लागले. खिडक्या सुरू झाल्या. वर गेले तर मामा एकाच वेळी हसत आणि रडत होते. आईने डोळे उघडले होते.

पंधरा दिवसांनी ती घरी आली. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसून चमचे मुद्दाम उलटसुलट करत होती. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"मामा तुला पाचू का म्हणतात गं?" मी विचारलं.

"पाचवी म्हणून. आम्ही पाच भावंडं ना. तीन नंबरची ताई लहानपणीच तळ्यात बुडाली. जेवायला बसताना तिची जागा आमची आई रिकामी ठेवायची." तिने एक चमचा उलटा ठेवला. "ती जागा मी इस्पितळात बेशुद्धीत असताना पाहिली. तू मला दोनदा तिथे ढकललंस."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

"मग म्हणालीस, राहू दे पाचच. ताई म्हणाली, बरं. आणि केस पिळत निघून गेली."